वायमार प्रजासत्ताक: युद्ध हरलं कुणी, सही केली कुणी

जुनी_वही

नमस्कार मंडळी,

जर्मनीचा इतिहास वाचताना आपण एक उडी हमखास मारतो. १९१९चा व्हर्सायचा तह, मग पाव आणायला पोतंभर नोटा घेऊन निघालेली माणसं, आणि तिथून थेट १९३३. मधे एक प्रजासत्ताक होतं (त्याची घटना वायमार गावी तयार झाली, म्हणून वायमार प्रजासत्ताक), त्याची स्वतःची घटना होती, ते टिकवायला माणसं जीव तोडून धडपडत होती, हे सगळं दोन ओळींत उरकतं. "कमकुवत होतं, म्हणून पडलं." मला हे अजिबात पटत नाही. ते कमकुवत होतं की त्याला कमकुवत ठेवलं गेलं, हे पहिल्या सहा-सात वर्षांत दिसतं. म्हणून हा धागा १९१८ ते १९२५ एवढ्याच काळावर काढतेय. हिटलर यात जवळपास नाही, आणि ते मुद्दाम.

एका माणसापासून सुरुवात करते. माटियास एर्त्सबेर्गर. दक्षिण जर्मनीतल्या खेड्यातला, शिंपीकाम आणि टपालवाटप करून घर चालवणाऱ्या बापाचा मुलगा. आधी शाळामास्तर, मग कॅथलिकांच्या सेंटर पक्षाचा खासदार. युद्ध सुरू झालं तेव्हा तोही इतरांइतकाच जोशात होता. पण आकडे वाचणारा माणूस होता. जुलै १९१७ मध्ये समेटाचा ठराव संसदेत मंजूर झाला, त्यात त्याचाच पुढाकार होता. लष्करानं त्याला ते कधीच माफ केलं नाही.

आता २९ सप्टेंबर १९१८. लष्करप्रमुख हिंडेनबर्गच्या जोडीनं दोन वर्षं अख्खा देश हाकणारा जनरल लुडेनडॉर्फ सरकारला कळवतो की आघाडी कधीही कोसळेल, ताबडतोब शस्त्रसंधी मागा. आणि त्याच वेळी म्हणतो की संसदेतल्या पक्षांना आता सरकारात घ्या. आपल्या अधिकाऱ्यांना त्यानं कारणही सांगितलं: या लोकांमुळे ही पाळी आली, तेव्हा आता निस्तरू दे त्यांनाच. हे सगळं ठरलं तेव्हा सामान्य जर्मन माणसाला काहीच माहीत नव्हतं. मार्चमध्ये रशियाला गुडघ्यावर आणून तह झालेला, जर्मन सैन्य अजून फ्रान्स-बेल्जियमच्या जमिनीवर उभं, वर्तमानपत्रांत विजयाच्या बातम्या. आणि एके दिवशी एकदम शरणागती.

काँपिएन्यच्या जंगलात, रेल्वेच्या डब्यात, दोस्त सैन्याचा सरसेनापती मार्शल फोश याच्यासमोर जायला दोघा सेनापतींपैकी कुणीही निघालं नाही. एर्त्सबेर्गरला पाठवलं. शिष्टमंडळात एक जनरल आणि एक नौदल अधिकारी होता, पण प्रमुख हा. तो तिथे असतानाच ९ नोव्हेंबरला बर्लिनमध्ये राजवट गेली. दुपारी सोशल डेमोक्रॅट शाइडेमाननं राइशटागमधून, म्हणजे संसदेतून, प्रजासत्ताक जाहीर केलं, दोनेक तासांत डाव्या क्रांतिकारकांचा नेता लीबक्नेख्तनं राजवाड्यापाशी समाजवादी प्रजासत्ताक जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, हॉलंडला निघून गेला. ११ तारखेला पहाटे सही झाली. ज्या प्रजासत्ताकाला जन्मून दोन दिवसही झाले नव्हते, त्याच्या नावावर चार वर्षांच्या युद्धाचा पराभव चढला.

वर्षभरानं, नोव्हेंबर १९१९ मध्ये, संसदेच्या चौकशी समितीसमोर हिंडेनबर्ग आला आणि म्हणाला की जर्मन सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. स्वतः ज्याच्या सहीची गरज भासली त्याच माणसाच्या माथी खापर.

एर्त्सबेर्गर जून १९१९ मध्ये अर्थमंत्री झाला. तिजोरी रिकामी नव्हे, उणे होती. युद्धाचा खर्च करांतून काढण्याऐवजी जनतेकडून कर्ज घेऊन भागवलेला, आणि ते कर्ज जिंकल्यावर शत्रूकडून वसूल करू हा हिशोब. हे धोरण संसदेत मांडणारा युद्धकाळातला खजिनदार मंत्री म्हणजे कार्ल हेल्फरिश. एर्त्सबेर्गरनं अवघ्या नऊ महिन्यांत करव्यवस्था उलटीपालटी केली. तोवर आयकर राज्यांच्या हातात होता, तो केंद्राकडे आणला, देशभर एकच करखातं उभं केलं, वरच्या उत्पन्नावर ६० टक्क्यांपर्यंत कर लावला. आजचं जर्मन करखातं त्याच पायावर उभं आहे.

हेल्फरिशनं त्याच्यावर जाहीर चिखलफेक सुरू केली. एर्त्सबेर्गरनं अब्रुनुकसानीचा दावा लावला. खटला चालू असताना, २६ जानेवारी १९२० ला, कोर्टातून बाहेर पडताना एका तरुणानं त्याच्यावर गोळ्या झाडल्या. खांद्याला लागली, वाचला. त्या तरुणाला दीड वर्ष कैद. १२ मार्चला मूळ दाव्याचा निकाल लागला: हेल्फरिशला ३०० मार्क दंड, पण त्याचे आरोप मुख्यतः खरे आहेत असं न्यायाधीशांचं मत. एर्त्सबेर्गरनं राजीनामा दिला. दुसऱ्याच दिवशी, १३ मार्चला, बंडखोर सैन्य बर्लिनमध्ये शिरलं (काप बंड, त्यावर कुणीतरी सविस्तर लिहा). आणि २६ ऑगस्ट १९२१ ला, ब्लॅक फॉरेस्टमधल्या बाड ग्रीसबाख गावी, सहकाऱ्याबरोबर फिरायला गेलेल्या एर्त्सबेर्गरला दोघा माजी अधिकाऱ्यांनी गोळ्या घालून मारलं. उजव्या वर्तमानपत्रांत आनंद व्यक्त झाला.

जनरल, न्यायाधीश, संपादक आणि बंदूकवाला, चौघं एकमेकांना न भेटताही एकाच दिशेनं काम करत होते. प्रजासत्ताकाला नुसत्या शत्रूंनी मारलं नाही. पगार प्रजासत्ताकाचा घेऊन निष्ठा कैसरशी ठेवणारी माणसं त्याच्या कोर्टात, बराकीत आणि कचेऱ्यांत बसली होती, त्यांनी ते रोज थोडं थोडं पोखरलं. हा माझा मुद्दा. तुमचं मत वाचायला आवडेल, विरोधी असलं तर जास्तच.

---

सांजवारा

वाचतेय. फार सुंदर लिहिलंय ताई. मारेकरी सापडले का?

---

गोदातीर

लेख चांगला आहे, पण न्यायाधीश आणि जनरल यांना तुम्ही फार मोठं केलंत असं वाटतं. मूळ दुखणं व्हर्सायचा तहच. १३ टक्के भूभाग गेला, आल्सेस-लोरेन गेलं, लष्कर एक लाखावर आणलं, रणगाडे आणि विमानं बंद, कलम २३१ नं युद्धाची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या मित्रांवर. आणि मे १९२१ मध्ये नुकसानभरपाईचा आकडा: १३२ अब्ज सुवर्ण मार्क. एवढं ओझं घेऊन जगातली कुठलीही नवी लोकशाही उभी राहिली नसती. शाइडेमानसारखा पंतप्रधान सही करण्यापेक्षा राजीनामा देतो यातच सगळं आलं. दोस्तांनी कैसरच्या जर्मनीला जी शिक्षा द्यायची होती ती प्रजासत्ताकाचा पहिला राष्ट्राध्यक्ष एबर्ट याच्या जर्मनीला दिली. हा अन्याय आधी, बाकी सगळं नंतर.

---

जुनी_वही

@सांजवारा: दोघं म्युनिकमार्गे हंगेरीला पळाले. १९३३ मध्ये नव्या राजवटीनं अशा गुन्ह्यांना माफी दिली, मग उजळ माथ्यानं परत आले. त्यातल्या टिलेसनवर १९४६ मध्ये खटला उभा राहिला तर पहिल्या कोर्टानं तीच १९३३ची माफी मान्य करून खटला मोडीत काढला! फ्रेंच लष्करी प्रशासनाच्या कोर्टानं तो निकाल रद्द केला, तेव्हा १९४७ मध्ये पंधरा वर्षांची शिक्षा झाली. १९५२ मध्ये तो सुटला. दुसरा, शुल्त्स, १९५० मध्ये दोषी ठरला.

@गोदातीर: तह जाचक होता आणि तो चुकीच्या माणसांच्या गळ्यात पडला, इथे आपलं एकमत आहे. पण १३२ अब्जांपैकी ८२ अब्ज ज्या तिसऱ्या गटाच्या रोख्यांत होते, ते वसूल होणार नाहीत हे दोस्त राष्ट्रांनाही ठाऊक होतं. तो आकडा त्यांच्या मतदारांसाठी होता. खरी मागणी ५० अब्जांची. तीही जड, मान्य. पण सही करायची की नाही हे ठरवताना सरकारनं हिंडेनबर्गला विचारलं होतं: पुन्हा लढता येईल का? उत्तर होतं, पश्चिमेला यशाची आशा नाही. म्हणजे लष्करप्रमुखाला माहीत होतं की दुसरा रस्ता नाही. तरीही सही करणाऱ्यांना देशद्रोही म्हणणाऱ्यांचं दैवत तोच राहिला, आणि १९२५ मध्ये राष्ट्राध्यक्षही तोच झाला. तह कठोर असणं ही एक गोष्ट, आणि त्याची जबाबदारी खोट्या माणसावर टाकणं ही दुसरी. दुसरी गोष्ट पॅरिसमध्ये नाही, बर्लिनमध्ये घडली.

---

पूररेषा

न्यायाधीशांचा मुद्दा निघालाच आहे तर एक भर घालतो. मी जलसंपदा क्षेत्रातला माणूस. सिव्हिल इंजिनिअरिंग केलेल्या प्रत्येकानं गुंबेल पद्धत शिकलेली असते. धरणाच्या सांडव्याचं गणित करताना शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर किती मोठा असेल हे त्यातून काढतात. नदीची दरवर्षीची सर्वात मोठी पूरपातळी घ्यायची आणि त्या टोकाच्या आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधायचा. परीक्षेला हमखास येतं. पण हा गुंबेल कोण हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

एमिल गुंबेल. म्युनिकचा ज्यू गणिती, युद्धविरोधी. १९१९ पासून जर्मनीत जे राजकीय खून झाले त्यांची त्यानं एकेक करून नोंद केली. खून कुणाचा, कुणी केला, खटला चालला का, शिक्षा काय झाली. १९२२ मध्ये आकडे छापले. उजव्यांनी केलेले खून ३५४, डाव्यांनी केलेले २२. उजव्यांच्या ३५४ पैकी ३२६ खुनांना कसलीच शिक्षा नाही. डाव्यांच्या २२ पैकी शिक्षेविना सुटले फक्त ४, आणि दहा जणांना देहदंड. त्यानं सरासरी काढली: उजव्या बाजूच्या एका खुनाला चार महिने कैद.

भाषण नाही, शिवीगाळ नाही, नुसता तक्ता. आणि तो खोडून काढायला कुणी पुढे आलं नाही. खुन्यांना शिक्षा व्हायला हव्या होत्या, त्या झाल्या नाहीत. उलट गुंबेललाच छळलं. हायडेलबर्ग विद्यापीठात विद्यार्थ्यांनी त्याच्याविरुद्ध मोर्चे काढले, १९३२ मध्ये शिकवण्याचा अधिकार काढून घेतला, १९३३ मध्ये नागरिकत्व काढून घेतलेल्यांच्या पहिल्याच यादीत त्याचं नाव होतं. फ्रान्स, मग अमेरिका. पुरांचं काम त्यानं तिकडे पूर्ण केलं.

मी आता नव्या पोरांना ही पद्धत शिकवताना आधी तो तक्ता दाखवतो.

---

सांजवारा

अंगावर काटा आला. गुंबेल पद्धत मीही घोकली होती!

---

विळा_कोयता

सगळे एबर्टला हुतात्मा करून मोकळे होताय, म्हणून लिहितो. ताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे की जुने अधिकारी जागच्या जागी राहिले. पण त्यांना ठेवलं कुणी? १० नोव्हेंबर १९१८ च्या रात्री एबर्ट आणि जनरल ग्रोनर यांच्यात टेलिफोनवर बोलणं झालं: लष्कर सरकारच्या पाठीशी राहील, सरकार अधिकाऱ्यांना हात लावणार नाही. क्रांतीच्या दुसऱ्या दिवशी हा सौदा! त्या आठवड्यात कीलपासून म्युनिकपर्यंत गावोगावी कामगार-सैनिकांच्या परिषदा बसलेल्या, राजे-रजवाडे पळालेले, अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्या रस्त्यात उपटल्या जात होत्या. साफसफाई करायची तर ती तेव्हाच शक्य होती.

डिसेंबरमध्ये परतणाऱ्या सैन्याला बर्लिनमध्ये एबर्ट स्वतः म्हणाला की तुम्हाला कुठल्याही शत्रूनं जिंकलेलं नाही. खंजिराच्या गोष्टीला खतपाणी त्यानंच घातलं. जानेवारीत स्पार्टाकसवाल्यांचा, म्हणजे कम्युनिस्टांचा, उठाव मोडायला एबर्टचा सहकारी, लष्करी खातं सांभाळणारा नोस्के यानं फ्रायकोरच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या स्वयंसेवी, टोळ्या आणल्या. १५ जानेवारी १९१९ ला स्पार्टाकसचे नेते रोझा लक्झेंबर्ग आणि लीबक्नेख्त यांना पकडून, मारहाण करून ठार केलं. रोझाचं प्रेत लांडवेअर कालव्यात टाकलं, ते सापडलं थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी. खटला त्याच डिव्हिजनच्या लष्करी कोर्टात चालला. ज्या टोळ्यांना सोशल डेमोक्रॅट सरकारनं पगार दिला, त्याच टोळ्यांतून एर्त्सबेर्गरचे मारेकरी आले. हे विसरून चालणार नाही.

---

जुनी_वही

@विळा_कोयता, तुमचा प्रतिसाद मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींशी मी सहमत आहे. फ्रायकोर वापरणं हा गुन्हा होता, नुसता चुकीचा डाव नव्हे. पण एबर्टच्या जागी उभं राहून नोव्हेंबर १९१८ पाहायला हवा. लाखो सैनिक पश्चिमेकडून ठरलेल्या मुदतीत मागे आणायचे, दोस्तांची सागरी नाकेबंदी शस्त्रसंधीनंतरही चालूच, शहरांत उपासमार. त्याला डोळ्यांसमोर रशिया दिसत होता. अधिकारी आणि कारकून काढून टाकले तर रेल्वे कोण चालवेल, ही त्याची भीती खोटी नव्हती. माझी तक्रार वेगळी आहे: मार्च १९२० मध्ये दुसरी संधी आली होती, ती का सोडली?

काप बंडाबद्दल कुणी लिहीत नाहीये, तर मीच लिहिते. फ्रायकोर विसर्जित करायचा हुकूम निघाला म्हणून जनरल लुटवित्स आणि उजवा राजकारणी काप यांनी एअरहार्टची नौदल ब्रिगेड बर्लिनमध्ये घुसवली. सरकारनं लष्कराला बंड मोडायला सांगितलं तर बहुतेक वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सैनिकांवर सैनिक गोळी झाडणार नाहीत अशी भूमिका घेतली. सरकार आधी ड्रेस्डेनला, मग स्टुटगार्टला गेलं. आणि मग कामगारांनी हरताळ केला. बर्लिनमध्ये पाणी नाही, वीज नाही, ट्राम नाही, वर्तमानपत्रं नाहीत. मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांनी हुकूम घ्यायला नकार दिला, मध्यवर्ती बँकेनं कापला पैसे दिले नाहीत. चार-पाच दिवसांत काप पळाला. लोकांनी रिकाम्या हातांनी आपलं प्रजासत्ताक परत मिळवलं होतं!

आणि सरकारनं केलं काय? रूर या कोळसा-पोलादाच्या भागात हरताळाचं पुढे सशस्त्र उठावात रूपांतर झालं, तो मोडायला पुन्हा तेच लष्कर पाठवलं, ज्यानं थोड्याच दिवसांपूर्वी सरकारला वाचवायला नकार दिला होता. बंडवाल्यांपैकी शिक्षा झाली ती फक्त बर्लिनच्या माजी पोलीसप्रमुखाला. जूनच्या निवडणुकीत प्रजासत्ताकवादी तीन पक्षांचं बहुमत गेलं, ते पुन्हा कधीच परत आलं नाही. १९१९ मध्ये याच तिघांना चारातली तीन मतं पडली होती.

---

खतावणी

बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे मला चलनाचं बोलायला हवं. नोटांच्या पोत्यांची गोष्ट सगळे सांगतात, तोटा कुणाचा झाला हे कुणी सांगत नाही.

डॉलरचा भाव बघा. युद्धापूर्वी ४.२ मार्क. जानेवारी १९२३ मध्ये सुमारे १८ हजार. त्या महिन्यात लाकूड आणि कोळशाचा पुरवठा कमी पडला (त्यात टेलिग्राफचे खांबही होते) म्हणून फ्रान्स-बेल्जियमनं रूर ताब्यात घेतलं. जर्मन सरकारनं तिथे असहकार पुकारला आणि काम बंद ठेवणाऱ्यांचे पगार नोटा छापून दिले. ऑगस्टमध्ये डॉलर सरासरी ४६ लाखांवर. नोव्हेंबरमध्ये ४ लाख २० हजार कोटी. मग १५ नोव्हेंबरला रेंटेनमार्क आला: एक लाख कोटी कागदी मार्कांना एक नवा मार्क.

आता युद्धकर्जाचे रोखे घ्या. युद्धात सरकारनं जनतेकडून सुमारे ९,८०० कोटी मार्क उचलले. शाळामास्तर, विधवा, छोटे दुकानदार, सगळ्यांनी देशासाठी म्हणून रोखे घेतले. नव्या दरानं ती अख्ख्या राष्ट्राची बचत दहा पफेनिगसुद्धा भरत नव्हती. दहा पैसे म्हणा. सरकार कर्जमुक्त झालं. ज्यांची कर्जं होती, कारखाने होते, जमिनी होत्या, ते तरले. ठेवीदार मेला. आणि हा ठेवीदार कोण? तोच मध्यमवर्ग, जो कोर्टांत आणि कचेऱ्यांत बसलेला होता आणि ज्याला प्रजासत्ताकाबद्दल आधीच प्रेम नव्हतं. १९२५ च्या कायद्यानं गहाणखतांना २५ टक्के मूल्य परत दिलं, सरकारी रोख्यांना त्याहून फारच कमी. त्या माणसानं हेल्फरिशला दोष दिला नाही. ज्याच्या राज्यात पैसा बुडाला त्याला दिला.

हा हेल्फरिशच पुढे नव्या चलनाच्या योजनेतही होता, हेही नोंदवतो. धान्याच्या आधारावर चलन काढायची मूळ कल्पना त्याची. माणूस हुशार होता यात वाद नाही.

---

गोदातीर

खतावणी काका, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हावा. मात्र रूरमध्ये फ्रेंच आले नसते तर चलन एवढं कोसळलं असतं का? माझा मुद्दा तिथेच येतो.

---

खतावणी

एवढं नाही, पण कोसळायला सुरुवात आधीच झाली होती. १९२२ च्या जूनमध्ये राथेनाऊंचा खून झाला त्यानंतर परदेशी लोकांचा मार्कवरचा विश्वासच उडाला. परराष्ट्रमंत्री भर दिवसा, उघड्या मोटारीत, कचेरीला जाताना मारला जातो त्या देशाला कर्ज कोण देणार? तेव्हा ताईंचा मुद्दा आणि माझा मुद्दा एकमेकांत गुंतलेले आहेत.

---

अभ्यासिका_लातूर

एमपीएससीची तयारी करतेय, म्हणून एक जोडते. आम्ही पाठ करतो: "आणीबाणीत मूलभूत हक्कांची स्थगिती, वायमार घटनेवरून." एका गुणाचा प्रश्न. यापलीकडे कुणी शिकवत नाही, म्हणून मी कलम ४८ वाचून काढलं.

राष्ट्राध्यक्षाला सार्वजनिक सुरक्षा धोक्यात आली असं वाटलं तर तो लष्कर वापरू शकतो आणि सात मूलभूत हक्क तात्पुरते थांबवू शकतो. संसद तो हुकूम रद्द करायला लावू शकते. पण कलम २५ प्रमाणे राष्ट्राध्यक्ष संसदच बरखास्त करू शकतो. १९३० मध्ये चॅन्सलर (पंतप्रधान) ब्रुनिंगचा वटहुकूम संसदेनं फेटाळला तेव्हा हिंडेनबर्गनं तेच केलं. आणि ४८ च्या शेवटी लिहिलंय की तपशील कायद्यानं ठरवला जाईल. तो कायदा चौदा वर्षांत झालाच नाही. १९३२ मध्ये संसदेनं अवघे पाच कायदे केले, वटहुकूम साठेक.

आपल्या घटना समितीत ऑगस्ट १९४९ मध्ये आणीबाणीच्या तरतुदींवर चर्चा झाली तेव्हा ह. वि. कामत यांनी नेमका हाच दाखला दिला होता. लोकशाही देशांच्या घटना धुंडाळल्या, याला सर्वात जवळचं उदाहरण वायमारमध्येच सापडलं, आणि त्याचाच फायदा घेऊन हिटलरनं ती संपवली, असं ते सभागृहाला सांगत होते. तरतुदी तरीही मंजूर झाल्या. १९७५ नंतर, १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीत, कलम २० आणि २१ कधीच स्थगित होणार नाहीत असं लिहावं लागलं. परीक्षेत हा प्रश्न एका गुणाचा असला तरी मला तो आता तेवढाच वाटत नाही.

---

जुनी_वही

लातूरच्या अभ्यासिके, शाबास. मनापासून.

एक जोड: एबर्टनं हे कलम शंभराहून जास्त वेळा वापरलं आणि बहुतेकदा प्रजासत्ताक वाचवण्यासाठीच वापरलं. पण १९२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सॅक्सनी आणि थुरिंजियातली कायदेशीर डावी सरकारं हटवायला सैन्य गेलं, आणि त्याच वेळी उघड अवज्ञा करणाऱ्या उजव्या बव्हेरियात गेलं नाही. तिथे नोव्हेंबरमध्ये बिअर हॉलमध्ये हिटलरनं बंडाचा प्रयत्न केला, ते सगळ्यांना माहीत आहे.

---

एल्बकाठ

मी नोकरीनिमित्त जर्मनीत असते. वायमार गावी गेले होते. ज्या राष्ट्रीय नाट्यगृहात फेब्रुवारी १९१९ मध्ये घटना समिती बसली ते अजून चालू नाट्यगृह आहे, समोर ग्योथे आणि शिलरचा जोडपुतळा. बर्लिनमध्ये गोळीबार चालू होता म्हणून सभा एवढ्या लांब नेली. चौकाच्या पलीकडे २०१९ पासून वायमार प्रजासत्ताकाचं संग्रहालय आहे.

तिथे मारी युखाच यांच्या भाषणापाशी मी बराच वेळ थांबले. १९ फेब्रुवारी १९१९. बायकांना मतदानाचा हक्क मिळून तीन महिने झालेले, ३७ बायका निवडून आलेल्या, आणि जर्मनीच्या संसदेत पहिल्यांदा एक बाई बोलायला उभी राहिली. "सभ्य स्त्री-पुरुषहो" एवढं म्हटल्यावर सभागृहात हशा पिकला. त्यांनी शांतपणे सांगितलं की याबद्दल आम्ही सरकारचे आभार मानत नाही, जे आमचं होतं आणि अन्यायानं अडवून ठेवलं होतं तेच आम्हाला दिलं. युखाच स्वतः मोलकरीण म्हणून राबलेल्या, शिवणकाम केलेल्या. तुम्ही सगळे या प्रजासत्ताकाच्या मरणाबद्दल बोलताय, पण आठ तासांचा दिवस, बायकांचं मत, १९२७ चा बेकारी विमा, हेही त्याचंच काम. जर्मनीत मी रोज त्यातलं काही ना काही वापरते.

आणखी एक फोटो पाहिला. एबर्ट आणि नोस्के बाल्टिक समुद्रात पोहायच्या चड्डीवर, गुडघाभर पाण्यात. ऑगस्ट १९१९ मध्ये एबर्टच्या शपथविधीच्या दिवशीच एका मोठ्या साप्ताहिकानं मुखपृष्ठावर छापला. पुढे त्याची पोस्टकार्डं निघाली: एकीकडे पदकं लावलेला कैसर, दुसरीकडे हे. माजी खोगीरवाला राष्ट्राध्यक्ष झाला हे लोकांना सहन होत नव्हतं. त्याचे दोन मुलगे युद्धात मेले होते, हे त्या पोस्टकार्डावर कुठेच नव्हतं.

---

सांजवारा

अवांतर: याच प्रजासत्ताकाच्या शेवटच्या वर्षांत आपल्या इरावती कर्वे बर्लिनमध्ये पीएचडी करत होत्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारा. कवट्यांच्या मोजमापातून वंशाचा फरक निघतो का, हा विषय. बाईंनी मोजमापं केली आणि तसा फरक निघत नाही असं लिहून दिलं. तेव्हा आणि तिथे हे लिहायला केवढं धैर्य लागलं असेल.

---

जुनी_वही

एल्बकाठ, एबर्टबद्दल लिहिलंत म्हणून पुढचं सांगते. त्यानं बदनामीचे शंभराहून अधिक दावे लावले. डिसेंबर १९२४ मध्ये माग्डेबुर्गच्या कोर्टात एका संपादकाला त्याचा अपमान केल्याबद्दल तीन महिने झाले, पण न्यायाधीशांनी निकालात लिहिलं की जानेवारी १९१८ च्या दारूगोळा कामगारांच्या संपात भाग घेऊन एबर्टनं कायद्याच्या अर्थानं देशद्रोह केला होता. संप लवकर मिटावा म्हणून आपण त्यात गेलो, हे तो सांगून थकला. विद्यमान राष्ट्राध्यक्षाला त्याच्याच देशाचं कोर्ट देशद्रोही म्हणतंय! या लढाईच्या नादात त्यानं अपेंडिक्सचं दुखणं अंगावर काढलं. २८ फेब्रुवारी १९२५ ला गेला. वय ५४. दोन महिन्यांत हिंडेनबर्ग निवडून आला, ४८.३ विरुद्ध ४५.३ टक्के. कम्युनिस्टांनी आपला वेगळा उमेदवार ठेवला, त्याला ६.४.

---

विळा_कोयता

ती ६.४ टक्के मतं फुकट गेली हे मलाही सलतं. पण बव्हेरियाच्या कॅथलिक पक्षानं आपल्याच पंथाचा प्रतिस्पर्धी उमेदवार (विल्हेल्म मार्क्स) सोडून प्रॉटेस्टंट हिंडेनबर्गला मत दिलं, त्याचाही उल्लेख करा. दोन्ही बाजूंनी फट पडली होती.

---

अभ्यासिका_लातूर

ताई, एक प्रश्न. १९२० मध्ये हरताळानं बंड मोडलं. मग १९३२ मध्ये चॅन्सलर पापेननं जर्मनीतलं सर्वात मोठं राज्य असलेल्या प्रशियाचं निवडून आलेलं सरकार हटवलं तेव्हा लोक का उठले नाहीत?

---

जुनी_वही

विळा_कोयता, मान्य.

लातूरच्या अभ्यासिके, हा प्रश्न धाग्याच्या काळाबाहेरचा असला तरी टाळत नाही. १९२० मध्ये कामगाराला काम होतं, संप केला तर मालकाला त्रास होत होता. १९३२ मध्ये साठ लाखांच्या आसपास बेकार होते. संपावर गेलेल्याची जागा घ्यायला दारात माणसं उभी होती, आणि त्यातली बरीच नाझींच्या तपकिरी गणवेशात. शिवाय एप्रिलच्या निवडणुकीत प्रशियाचा मुख्यमंत्री ऑटो ब्राउन याच्या सरकारनं बहुमत गमावलेलं होतं, ते काळजीवाहू म्हणून चालू होतं. २० जुलैला बर्लिनमध्ये लष्करी कायदा लावला. ब्राउनच्या लोकांनी रस्त्याऐवजी कोर्टाचा रस्ता धरला. ऑक्टोबरमध्ये लाइपझिगच्या कोर्टानं अर्धा निकाल त्यांच्या बाजूनं दिला आणि सत्ता पापेनकडेच राहू दिली.

याच प्रशियानं, जर्मनीच्या तीन पंचमांश लोकसंख्येनं, १९२० पासून बारा वर्षं जवळपास सलग एकच प्रजासत्ताकवादी आघाडी टिकवली होती. पोलीस खातं बदललं, जिल्हाधिकारी बदलले. जर्मन माणसाला लोकशाही जमतच नव्हती म्हणणाऱ्यांनी आधी प्रशिया वाचावा. ब्राउन ४ मार्च १९३३ ला, निवडणुकीच्या आदल्या दिवशी, स्वित्झर्लंडला निघून गेला. १९५५ मध्ये तिथेच वारला.

त्याच्यावर आणि प्रशियाच्या पोलिसांवर वेगळा धागा काढते, दोन-तीन आठवडे द्या. खतावणी काका, चलनाचा धागा तुम्ही काढा.

---

खतावणी

काढतो. सुरुवात युद्धकर्जापासून करेन.